टिळा लावायची जागा

कोळशावर वीज जिथे तयार होते त्या ऊर्जानगरात माझी नोकरी. भलेमोठे पंप मी रोज चालू-बंद करतो. घरचा जुना कॉम्प्युटर मात्र दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या हाताने काही चालू होईना. बटण दाबलं की पंखा घुं करायचा आणि लगेच गप्प.

सासूबाई पोंभुर्ण्याकडून खास त्यासाठीच आल्या होत्या. सासरे जाऊन वर्ष झालेलं. त्यांचा आवाज असलेला एकच व्हिडिओ उरला होता, तो या डब्यात. आणि दुपारच्या बसने सासूबाईंना परत जायचं होतं.

मी वायर बदलली. डबा खोलला. आत कोळशाची एवढी धूळ, की चूल पेटवावी. मेमरीची पट्टी काढून खोडरबराने घासली. का, ते मलाही माहीत नाही, सगळे घासतात म्हणून. पुन्हा घुं, पुन्हा गप्प.

"साऱ्या महाराष्ट्राले लाईट देतो म्हणता, न् घरचा एक डबा चालू होऊन नाई राह्यला?" बायको म्हणाली.

"राहू दे वो बाई, बापूले काऊन तरास," सासूबाई म्हणाल्या. बापू म्हणजे मी, जावई. पण पिशवी काही उचलेनात.

तेव्हा दिसलं, की दाबलेलं बटण बाहेरच येत नाहीये. मी बोट काढलं तरी कॉम्प्युटरला वाटत होतं, हा दाबूनच बसलाय. मग तो बिचारा बंद होत होता. बटणाच्या कडेने हळद-कुंकवाचा वाळलेला थर! प्लांटात दसऱ्याला यंत्रांची पूजा होते, तशी घरी मी स्कूटर, मिक्सर, कॉम्प्युटर सगळ्यांना टिळा लावतो. कॉम्प्युटरचं कपाळ म्हणून दरवर्षी बटणच धरत आलो. यंदा सासूबाई बघत होत्या, म्हणून भक्ती जरा जास्तच ओघळली.

टाचणीने आणि जुन्या टूथब्रशने खरवडलं. बटण टक्कन बाहेर आलं.

पडद्यावर गावचा तलाव. काठावर मी, खांद्यावर मासे धरायचं जाळं. धप्प! जाळ्यासकट मी पाण्यात. बाजूने सासऱ्यांचा आवाज, "बापू, जाळं फेका म्हटलं, सोताले नाई!" आणि त्यांचं ते खोकत खोकत हसणं.

सासूबाईंनी पदराने डोळे टिपले. मग खुर्ची पुढे ओढली.

"आणखी एक डाव पडा न, बापू."

मी व्हिडिओ पुन्हा लावला, पुन्हा पडलो. बस निघून गेली तरी पडतच होतो.