शिवकन्येची बाजू

वालूरच्या शिवकन्येला एका जागी बसणं कधी जमलंच नाही. सेलूच्या कॉलेजला जाताना एसटीत जागा मिळाली, तरी अर्ध्या वाटेत ती उठून दाराशी उभी राहायची. "पायाला भिंगरी हाय का तुझ्या?" आई गोजरबाई म्हणायची. त्या वर्षी तर जिवाला घोर लागायला कारणही तसंच होतं. थोरला भाऊ बालाजी आखातात इमारतींच्या सेंट्रिंगच्या कामाला गेलेला. तो तिथं रुळतो न रुळतो तोच युद्ध पेटलं, तो राहत होता त्या शहरावरही क्षेपणास्त्रं पडली, आणि त्याचा फोन लागेना.

नेमकी त्याच आठवड्यात राज्यशास्त्राच्या रेणुका मॅडमनी वर्गात चर्चा ठेवली. एखाद्या प्रदेशातल्या भांडणाला बाहेरच्या सत्ता किती जबाबदार?

जिंतूरचा गोपीचंद बोलण्यात पटाईत. तो उठला तो हात उडवतच. "सगळी जिम्मेदारी बाहेरच्यांची! नकाशावर पट्टी ठेवून रेघा त्यांनी मारल्या. तेल त्यांना पाहिजे, शस्त्रं बी तेच विकायलेत. आन आता शांततेच्या बैठका कोण घ्यायलंय? तेच. चोरच पंच!"

टाळ्या पडल्या. शिवकन्येचा हात कधीचा वर होता.

"आन तिथले राज्यकर्ते काय कुकुलं बाळ हायेत? घरातल्यानं कडी काढल्याबिगर बाहेरचा आत येतो का?"

"म्हणजे तू बाहेरच्यांना माफ करायलीस?"

"न्हाई. लढाईतून ज्याचा ज्याचा फायदा, तो तो जबाबदार. बाहेरचा असो का घरचा."

मॅडमना हे फार आवडलं. परभणीच्या वादविवाद स्पर्धेसाठी त्यांनी दोघांचीही नावं दिली.

त्याच संध्याकाळी बालाजीचा फोन आला. गोजरबाईनं आधी रडून घेतलं, मग बोलली. तो सुखरूप होता, नुसता सुखरूपच नव्हे, खुशीत होता. "पडलेल्या इमारतींचं काम निघालंय, आई. लय काम हाय. पगार बी वाढवलाय. आता पुढच्या साली ऊसतोडीला जायाचं न्हाई तुमी."

गोजरबाईनं मारुतीला नारळ कबूल केला. शिवकन्येनं फोन घेतला.

"दादा, त्या इमारतीत माणसं होती का?"

"आसतील की. आमी जाईस्तोवर सगळं साफ केलेलं आसतंय. तू खामखा कशाला इचारायलीस?"

तिला जेवण गेलं नाही. वर्गात आपण ठणकावून सांगितलेलं वाक्य आपल्याच उंबऱ्यावर येऊन बसलंय, असं तिला वाटू लागलं. दुसऱ्या दिवशी तिनं गोपीचंदला गाठलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला, "अगं, नफा येगळा आन मजुरी येगळी. घाम गाळणाऱ्याला कशाला धरायलीस?"

डोक्याला पटलं, जिवाला पटेना.

परभणीच्या मंचावर तिनं तयार केलेलं भाषण अर्ध्यात सोडलं. "माझा भाऊ पडलेल्या इमारती उभ्या करायच्या कामाला आहे," ती म्हणाली. "त्याच पैशातून माझी फी भरलीय. मग जबाबदारांची यादी करताना मी कुठं थांबायचं, ते मला कळत नाही." परीक्षकांनी विचारलं, मग उपाय काय? "माहीत नाही," म्हणून ती खाली उतरली. पहिलं बक्षीस गोपीचंदला मिळालं. तिचं बोलणं वैयक्तिक झालं, असा शेरा पडला.

कुणीतरी मोबाइलवर घेतलेलं ते भाषण फिरत फिरत बालाजीपर्यंत पोचलं. त्याचा फोन आला तो तापूनच.

"सगळ्या लोकात गुन्हेगार केलंस मला?"

"तुला न्हाई, दादा. मी मला बी धरलंय त्यात."

"मग येतो की परत. धरतो कोयता. चालंल?"

त्यानं फोन ठेवला. नंतर कितीतरी दिवस तो फक्त आईशी बोलायचा.

दिवाळीनंतर तो सुट्टीवर आला. दोन दिवस तिच्याशी मोजकंच बोलला. तिसऱ्या दिवशी अंगणात दाढी करता करता एकाएकी म्हणाला, "एक सांगू? तिथं येणाऱ्या सळया, मशिनी, लिफ्टा, समद्यावर एकाच देशाचा शिक्का आसतोय. बॉम्ब बी त्यांचेच होते म्हणं. पाडायला तेच, बांधायला तेच."

"मग तुला राग न्हाई येत?"

"येतो ना. पर रागानं स्लॅब टाकता येत न्हाई, शिवे." त्यानं वस्तरा पुसला. "तू बोल. तुला बोलता येतंय. माझं नाव घेतलंस तरी चालंल."

ती तांब्या उचलून त्याच्या हातावर पाणी घालत राहिली.

सुट्टी संपल्यावर ती त्याला परभणी स्टेशनवर सोडायला गेली. मुंबईची गाडी आली, तो चढला, खिडकीशी बसला. गाडी हलली तशी शिवकन्या खिडकीसोबत चालू लागली, मग भरभर, मग धावतच. "दादा, पुढच्या बारीला किती दिवसांनी येशील?" तिनं ओरडून विचारलं. त्यानं काहीतरी सांगितलं. चाकांच्या आवाजात ते तिला ऐकू आलं नाही.