आईच्या ऑपरेशनआधी धुळं गाठायचं होतं

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा धरणगावला होतो. धुळ्याहून भाऊचा निरोप आला, "आईचं उद्या ऑपरेशन. आत नेण्याआधी ये, तुझंच नाव घेतेय." हे कापसाच्या खरेदीला बाहेरगावी. म्हणजे सहा वर्षांची सुमन आणि चार वर्षांचा बाळू यांना घेऊन मी एकटीच निघणार.

रोज शाळेच्या वेळी मी ओरडायची, सुमन रडायची, बाळू खाटेखाली शिरायचा. त्या सकाळी तसं झालं असतं तर पहिली एसटी गेलीच असती. 'आटपा' हा शब्द मी गिळला.

"सुमन, पाण्याचा तांब्या तुझ्याकडे. भाकरीचं गाठोडं कोण घेणार?"

"मी!" खाटेखालून आवाज आला. दोघं माझ्याआधी उंबऱ्याबाहेर.

एरंडोलला गाडी बदलली. धुळ्याकडे जाताना सकाळी उजवीकडे बसावं, ऊन लागत नाही. माझं मात्र खिडकीबाहेर लक्षच नव्हतं. पारोळ्याला गरम भजी चांगली मिळतात. ती घ्यायला उतरलो, तर एका ट्रकचं चाक बदलत होते. बाळूनं तिथेच मातीत बसकण मारली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

"ताई, मोटर आते निंघी!" कंडक्टर ओरडला.

माझा हात उगारलाच होता. तो आवरून मी बाळूशेजारी उकिडवी बसले.

"केवढं चाक रे! आजीला सांगायचं ना? पण ती डॉक्टरांच्या खोलीत गेली, तर आज सांगता येणार नाही."

तो उठून माझाच पदर ओढायला लागला. "मग चल ना!"

धुळ्याला स्टँडवरून टांगा केला. दवाखान्यात पोचलो तेव्हा आईला आत न्यायला निघाले होते. "एकच मिनिट," नर्स म्हणाली. बाळूनं दोन्ही हात पसरले, "आजी, एवढं मोठं चाक!" आईचे ओठ सुकलेले, तरी ती हसली. माझा हात तिनं घट्ट धरला. मग दार लागलं.

भाकऱ्या तशाच राहिल्या. भाऊ आणि मी एकमेकांकडे बघायचंही टाळत होतो. दुपार कलल्यावर डॉक्टर बाहेर आले. "धोका टळलाय." भाऊ भिंतीला टेकून खालीच बसला.

आईला घरी आणून, तिचं पथ्यपाणी वहिनीवर सोपवून आम्ही परतलो. माझं ओरडणं संपलं असं नाही. पण शाळेच्या पहिल्याच सकाळी सुमन रेंगाळली, तेव्हा मी विचारलं, "आज शाळेत कोण भेटणार तुला?"

तिनं मैत्रिणीचं नाव सांगितलं, आणि वेणी घालून घ्यायला माझ्याकडे पाठ करून बसली.