पत्नी येण्यास तयार नाही

हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही, मुलीला नाही, ज्या केंद्रात मी इतकी वर्षं काम करते तिथल्या कुणालाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखणाऱ्यासमोर माझी जीभ उचलणार नाही.

मी व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. चौसाळ्याकडच्या रस्त्याला, दोन खोल्या, एक पंखा, आठवड्यातून दोनदा येणारे डॉक्टर. आमच्याकडे माणूस येतो तो बहुतेक शेवटाला येतो. बायको हात धरून आणते, भाऊ जीपमध्ये घालून आणतात. डोळे पिवळे, पोटात पाणी. तेव्हा समुपदेशकाने करण्यासारखं काय उरतं? म्हणून एखादा सुरुवातीलाच आला की आम्ही हुरळून जातो. तिथे अजून काही करता येतं.

माणिकराव तसे आले. हे त्यांचं खरं नाव नाही. चाळिशी ओलांडलेले, मोटारी भरायचं दुकान — विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तांब्याची तार गुंडाळून द्यायची. स्वतःच्या पायांनी आले होते. शर्ट धुतलेला, तोंडाला वास नाही.

"मॅडम," ते म्हणाले, "तारंचे वेढे मोजताना आकडा हुकाया लागलाय. चार वाजले की ध्यान दारूच्या चपटीकडं जातं. आजून लई न्हाई झालं. पर व्हईल."

एवढं स्वच्छ बोलणारा माणूस मी आधी पाहिला नव्हता. डॉक्टरांनी तपासलं, रक्ताचे रिपोर्ट चांगले आले. "हा माणूस वाचला म्हणून समजा," डॉक्टर म्हणाले, "फक्त आराखडा नीट करा."

आराखडा करणं हेच माझं काम. दारूची ओढ कधी लागते, कुठे लागते, सोबत कोण असतं, त्या वेळेला दुसरं काय करायचं — हे सगळं आठ आठवड्यांचं लिहून काढायचं. आणि पहिल्याच आठवड्यात घरचं माणूस बोलवायचं. हे वगळून चालत नाही. आम्ही अर्धा तास भेटतो, उरलेला सगळा वेळ तो माणूस घरच्यांबरोबर असतो. चार वाजता त्याच्याजवळ कोण असणार आहे? मी नाही.

दुसऱ्या भेटीत त्यांनीच विचारलं. "बायकोला आणू का पुढच्या टायमाला? तिला ठाऊक हाय सगळं. ती यायला तयार हाय."

मी म्हणाले, "सध्या नको. आधी तुमचं तुम्ही सावरा. त्यांना म्हणावं, मध्ये पडू नका."

का म्हणाले? — थांबा. सांगते. सरळ सांगायचं ठरवूनच बसले आहे, तरी जीभ अडते.

माझा नवरा परळीला नोकरीला आहे, तिथेच क्वार्टरमध्ये राहतो. महिन्यातून एकदा येतो. भांडण नाही, तंटा नाही. फोनवर आम्ही गॅसच्या टाकीबद्दल बोलतो, लाइट बिलाबद्दल बोलतो, आणि ठेवतो. मला त्याचं काही वाटत नव्हतं. खरंच नव्हतं. मी रडणाऱ्यातली बाई नाही. दिवसभर दुसऱ्यांचं रडणं ऐकणाऱ्यातली आहे.

त्या पहिल्या भेटीत, उठता उठता माणिकरावांनी विचारलं, "मॅडम, तुमी जेवला का? तीन वाजून गेले." बस्स, एवढंच. माझा डबा तसाच होता. त्यांचं लक्ष त्याकडे गेलं होतं.

एवढ्यावर कुणी घसरतं का? मी घसरले.

गुरुवारी तीनला ते येऊ लागले. मी त्यांच्यासाठी चहा ठेवायची, दुसऱ्या कुणासाठी कधी ठेवला नव्हता. ते विहिरींबद्दल सांगायचे — नेकनूरच्या एका मोटारीत बेडकांचं अख्खं खटलं निघालं, एका म्हाताऱ्याने मोटार जळाली म्हणून तिला हळद-कुंकू लावून आणलं. मी हसायची. माझंच हसणं माझ्या कानाला नवं वाटायचं. आमच्या केंद्रात झाडलोट करणाऱ्या कडूबाई एकदा म्हणाल्या, "आज इस्तरीची साडी? कुठं लगीन हाय का मॅडम?" मी म्हणाले, "फरशी पुसा नीट." त्या गालात हसल्या, आणि मी दिवसभर त्यांच्याकडे पाहिलं नाही.

हात लागला नाही. वावगा शब्द निघाला नाही. त्यांना यातलं काही कळलं असेल असंही वाटत नाही. ते दारू सोडायला येत होते. मी मात्र बुधवारपासूनच घड्याळाकडे बघायला लागायची.

आणि फाइलमध्ये एक रकाना असतो — सोबत येणारी व्यक्ती. तो रिकामा ठेवता येत नाही, तपासणीला विचारतात. तिथे मी लिहिलं, 'पत्नी येण्यास तयार नाही.' माझ्या नेहमीच्या, सुवाच्य अक्षरात. तिला मी पाहिलंही नव्हतं. ती आली असती तर खोलीत तिसरी खुर्ची लागली असती. दुसरं काही कारण नव्हतं.

आठ आठवडे झाले. त्यातले सहा आठवडे त्यांनी थेंब घेतला नव्हता. त्या वेळी त्यांना घराच्या हवाली करून फाइल बंद करायची होती. मी मुदत वाढवली. कारण लिहिलं, 'आधाराची गरज.' कुणाला गरज, ते लिहिलं नाही.

मग मुलीचं बाळंतपण आलं आणि मला महिनाभर पुण्याला जावं लागलं. रजेवर जाताना केस दुसऱ्या समुपदेशकाकडे द्यायची असते. माझ्या बाकीच्या सगळ्या दिल्या. ही दिली नाही. त्यांना म्हणाले, "मी आले की बोलू." ते मान हलवून गेले. दारातून त्यांनी मागे वळून पाहिलं होतं का? हे मला पुण्यात, नातू मांडीवर घेऊन, कितीदा तरी आठवायचं. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. नुसती हुरहूर वाटायची.

परत आले तर केंद्राच्या पायरीवर एक बाई बसलेली. चाळिशीच्या आतली, हातात पिशवी, पाय धुळीने भरलेले.

"मी सुनंदा. माणिकरावाची मंडळी."

तीन आठवड्यांपासून ते पीत होते. आधी चार वाजता, मग दुपारपासून, मग दुकान उघडायच्या आधी. तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

"त्या दिशी म्या दुकानावर निघालेच व्हते," ती म्हणाली. "पर तुमीच म्हणला व्हता न्हवं, मधी पडू नगं? ते म्हणायचे, मॅडमचा तसा निरोप हाय. म्हणून गप बसले. न्हाई तर दुकानाच्या दारातच ठाण मांडलं असतं, बघते कोण आणून देतंय ते." मग अगदी साधेपणाने, "पर कावून, मॅडम? बायकोला कावून येऊ देत न्हाईत?"

तेव्हा खरं सांगता आलं असतं. निदान 'चूक झाली' म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "काही केसेसमध्ये तसा नियम असतो."

तिने मान डोलवली. "तुमाला जास्त कळतं," म्हणाली, आणि मला हात जोडले.

त्यानंतर माणिकराव दोनदा दुसरीकडे भरती झाले, दोनदा सुटून परत प्यायले. माझ्याकडे ते पुन्हा आले नाहीत. दुकान बंद आहे. हात थरथरतो, तार धरवत नाही. भावाच्या हॉटेलात गल्ल्यामागे बसून असतात. सुनंदा आली असती तर ते सुटले असते का? छातीठोकपणे कुणीच सांगणार नाही. आमच्या कामात कुणी सांगतही नाही. पण ती यायला तयार होती, आणि मी तिला येऊ दिलं नाही.

आता नव्याने लागलेल्या मुलींना आराखडा मी शिकवते. पहिल्या आठवड्यात घरचं माणूस बोलवा, मी फळ्यावर लिहिते, त्याखाली रेघ ओढते. त्या वहीत उतरवून घेतात. हात थरथरत नाही माझा.

सुनंदा बाजारात अधूनमधून भेटते. स्वतःहून थांबते. "तुमी लई केलं मॅडम," म्हणते, "आमचंच नशीब." मी तिला अजून काही सांगितलेलं नाही, आणि सांगेन असं वाटत नाही. मी फक्त विचारते, "कसे आहेत ते?" ती सगळं सांगते — काल काय खाल्लं, कुठल्या कुशीवर झोपले, कुणावर ओरडले. तिला वाटतं, केंद्राच्या बाई म्हणून विचारते आहे. मी तशी विचारत नाही.