मापावरची मूठ

सोनुबाईंनी आयुष्यात कुणाला उघडं माप दिलं नाही. उघडं माप म्हणजे काटा सरळ झाला की तिथेच थांबणारं माप. नेरळच्या बाजारात भाजी विकण्यात त्यांची हयात गेली, पण तराजू सरळ झाला की वर एक मूठ पडलीच पाहिजे. गवार असो, चवळी असो, मूठ ठरलेली. वांगी मुठीत मावत नाहीत, तेव्हा तिथे एक वांगं. गिऱ्हाईक भांडून गेलेलं असेल तर मूठ जरा मोठीच.

"त्याचा जीव शांत झाला पायजे ना," असं त्यांचं म्हणणं.

त्यांचे यजमान चांगो यावर एवढंच म्हणायचे, "तुझ्या मुठीनं नेरळ पोसलं. आपलंही जरा पोस."

शेत भिवपुरीच्या अलीकडे. वर वीजघरात पाण्याची वीज करून झाली की तेच पाणी कालव्याने खाली येतं आणि उन्हाळ्यातही सोनुबाईंची भेंडी हिरवीगार उभी राहते. ही भेंडी नेरळच्या पुढे कधी गेली नव्हती. ती परदेशी जायला निघाली भिसेगावच्या जितेशमुळे.

जितेश आधी अमेरिकेला पापड-लोणची पाठवायचा. तिकडे कर वाढला आणि त्याच्या बरण्या भिसेगावच्या गाळ्यात भाडेकरूसारख्या ठाण मांडून बसल्या. मग त्याने तोंड आखाताकडे वळवलं. मस्कतच्या एका भाजीच्या व्यापाऱ्याचा नेहमीचा माल ज्या वाटेने यायचा, ती वाट कुणाच्या तरी भांडणात बंद झाली होती. त्याला कोवळी भेंडी हवी होती आणि ती रोज हवी होती.

"म्हंजे तिकडं दोघं भांडले म्हणून आपली भेंडी इमानात बसनार?" चांगोंनी विचारलं.

"तसंच समजा, काका."

"मग भांडू दे थोडं," चांगो म्हणाले. सोनुबाईंनी डोळे वटारले तेव्हा घाईघाईने पुढे म्हणाले, "थोडंच."

व्यापाऱ्याने आधी चाचणीचा माल मागवला. तो पसंत पडला तर पूर्ण हंगामाचं काम, आणि तेही एकट्या सोनुबाईंना नव्हे, आळीतल्या चार घरांना. पहाटे खुडणी, पडवीत पेट्या. सून नम्रता काट्यापाशी बसली. दर पेटी पाच किलो, ना कमी ना जास्त, असं जितेशने तिला तीनतीनदा बजावलं. सोनुबाईंना बजावायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. त्यांच्याकडे फक्त झाकण लावायचं काम होतं.

झाकण लावता लावता सोनुबाईंनी प्रत्येक पेटीत एकेक मूठ टाकली.

विमानतळावर सगळा माल एकदम काट्यावर चढला आणि कागदाशी जुळेना. पेट्या अडवल्या गेल्या, उघडल्या गेल्या, पुन्हा मोजल्या गेल्या. ठरलेलं विमान निघून गेलं. जितेशने हातापाया पडून माल पुढच्या विमानात चढवला, तोवर भेंडीची तुकतुकी उतरली होती. व्यापाऱ्याने कळवलं, अजून एकदा पाठवा, पण शेवटचं.

जितेश थेट पडवीत येऊन उभा राहिला.

"काकी, अहो, कुनी सांगितलं होतं जास्त टाकायला?"

"सांगाया कशाला लागतंय? परमुलखातला मानूस. पैल्यांदा आपला माल घेतोय. त्याला उघडं माप द्यायचं?"

"त्याला पाचच किलो पायजे!"

"त्यानं तसं तोंडानं सांगितलं का तुला?"

"तोंडानं कोन सांगतो, काकी? कागदावर हाय!"

"कागदाला काय कळतंय रं?"

आळीतली चिंधी मोठ्या आशेने भेंडी घेऊन ओट्यावर बसली होती. तिचा चेहरा बघून सोनुबाईंचा आवाज खाली आला. आपल्या हट्टापायी चार घरांचं काम जाईल, हे त्यांना कळत होतं. पण मूठ न टाकता पेटीवर झाकण लावायला हातच धजत नव्हता.

"मी बसतच नाय झाकनाला," त्या शेवटी म्हणाल्या. "दुसऱ्या कुनाला बसवा." आणि तोंड फिरवून उगाच पाट्या झाडायला लागल्या.

नम्रताने काट्यावरून मान वर केली. "आई, मूठ टाकायचीच ना? मग पेटीत नको. सगळ्या मुठी एका वेगळ्या पेटीत टाका. जितेशदादा तिचंही वजन करतील आणि कागदावर लिहितील, नमुना म्हणून, बिनपैशाची."

जितेश म्हणाला, असं कधी कुणी केलेलं नाही. मग म्हणाला, तसं करायला हरकतही नाही. मग त्याने मस्कतला फोन लावला, हिंदीत बराच वेळ समजावलं, आणि पलीकडून इतकं मोठं हसू आलं की ते चांगोंनाही ऐकू आलं.

"काय म्हनतो?"

"पाठवा म्हनतो."

सोनुबाई परत झाकणाला बसल्या. एक झाकण, एक मूठ बाजूच्या पेटीत. एक झाकण, एक मूठ. ती पेटी भरली तेव्हा त्यांनी जितेशला विचारलं, "या पेटीवर पन मूठ टाकायची का रं?" आणि त्याचा चेहरा बघून स्वतःच पदर तोंडाला लावला.

माल गेला. दोन दिवसांनी तिकडच्या आभाळातले विमानांचे रस्तेच बंद झाले. मस्कतहून फोन नाही, निरोप नाही. चांगो, ज्यांना आजवर ग्रामपंचायतीपलीकडच्या राजकारणाची गोडी नव्हती, ते सकाळ-संध्याकाळ मोबाइलवर आखाताच्या बातम्या लावून बसू लागले. "थोडंच" म्हणालो होतो, ते कुणीतरी नीट ऐकलं नाही, अशी त्यांची तक्रार होती. भेंडीला मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. आज खुडली नाही तर उद्या ती काठीसारखी निबर होणार. सोनुबाईंनी पाटी डोक्यावर घेतली आणि नेरळचा बाजार गाठला. गिऱ्हाइकं खूश झाली. मस्कतला जाणारी भेंडी, वर मूठ!

रस्ते उघडले, त्या आठवड्यात जितेश हसत हसत पडवीत आला. दुसरा माल पसंत पडला होता, चारही घरांना पूर्ण हंगामाचं काम होतं. त्याच्या हातात खजुराचा एक डबा होता. व्यापाऱ्याने कुणाबरोबर तरी मुद्दाम पाठवलेला. वर छापलं होतं, एक किलो.

आळीत पेढ्याऐवजी खजूर वाटायचं ठरलं. पण सोनुबाईंनी आधी डबा काट्यावर ठेवला. आकडा एक किलोच्या बराच पुढे जाऊन थांबला.

"बगा," त्या चांगोंना म्हणाल्या. "त्यानं पन टाकलीय मूठ. चांगल्या घरचा दिसतो."

"अगं, ते डब्याचं वजन," चांगो म्हणाले. "पत्रा जड हाय."

"तुमी खजूर खावा," सोनुबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या तळहातावर मोजून दोन ठेवले. मग वर एक.