दोन मिलिमीटरची दांडी

समस्त वाचकांना, नातेवाइकांना आणि आमच्या कचेरीतल्या आवक-जावक टेबलाला अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, नांदेड आणि लातूर या दोन शहरांच्या दरम्यान एक भीषण प्रकार घडला असून त्यास एक लोखंडी दांडी कारणीभूत आहे. दांडीची जाडी दोन मिलिमीटर. लांबी बोटाएवढी. ती खरेदी करणारा इसम वय वर्षे बावन्न, अंगाने भरलेला, हौशी रंगभूमीवर तीन वेळा राजा आणि एकदा प्रेत झालेला. तो इसम मी.

माझा मोठा भाऊ लातूरला औसा रोडवर घराला लागूनच्या गाळ्यात गॅरेज चालवतो. चालवतो म्हणावं की चालवायचा म्हणावं, यावरच ही सगळी हकीकत आहे. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी ट्रॅक्टरचं चाक काढताना दादाच्या हातातून पाना गळाला. तो उचलायला वाकला तर उजव्या हातानं ऐकलंच नाही. अर्धांगाचा झटका होता, दवाखान्यात वेळेवर पोचला म्हणून निभावलं. तोंड, पाय, बोलणं महिनाभरात जागेवर आलं. उजव्या हाताची बोटं तेवढी मागं राहिली.

व्यायाम शिकवायला एक बाई घरी यायच्या. त्यांनी दाबायला मऊ चेंडू दिला. दादानं तो शेजारच्या कुत्र्याला दिला. मग बाईंनी ताटात डाळ-तांदूळ मिसळून दिले आणि चिमटीनं वेगळे करायला सांगितले. दादा म्हणाला, "बाई, मी मेकॅनिक हाय. सैपाकीन न्हाई."

डाव्या हातानं घास तोंडाकडं न्यायचा नाही, हे आमच्या घरात लहानपणापासून पाठीवर धपाटे खाऊन शिकलेलं. उजवा जात नव्हता. म्हणून वहिनी भरवायच्या, आणि तेही दार लोटून. मी लातूरला गेलो की दादा म्हणायचा, "माझं झालं जेवण, तू बस." मी एकटा जेवायचो. नंतर आतल्या खोलीतून बराच वेळ वहिनींच्या बांगड्या वाजायच्या. मला त्या आवाजानं जेवण जायचं नाही. खोटं कशाला, जायचं, पण चव लागायची नाही.

अशा वेळी माझ्या डोक्यात कल्पना आली. माझ्या डोक्यात कल्पना आली की घरातले लोक खुर्च्या मागं सरकवतात, पण ही बरी होती. आमच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याला रिमोटच्या गाडीचा नाद लागला होता आणि सुटलाही होता. खेळण्यातली गाडी नव्हे. हिला खरे शॉकअब्सॉर्बर आहेत, गिअर आहेत, चाकात छर्‍यांच्या इवल्या बेअरिंगा आहेत. सोयाबीन काढलेल्या वावरात सोडली तर सशासारखी पळते. मात्र ती थोडी पळते आणि फार उघडावी लागते. आपल्या काळ्या मातीची धूळ गिअरमध्ये गेली की दर खेपेला चाकं काढा, बेअरिंगा पुसा, थेंबभर तेल द्या, पुन्हा आवळा. सहकारी याच गोष्टीला कंटाळला होता. मला नेमकी हीच गोष्ट हवी होती. डाळ-तांदूळ नको ना? घे मग, मेकॅनिकचं काम घे.

त्याच्याकडून गाडी घेऊन लातूरला गेलो. दादानं ती डाव्या हातात उलटी धरून पाहिली. कपाळावरची आठी तशीच ठेवली, पण पाहिलं बराच वेळ.

"पाने कुठंयत हिचे?"

"तुझ्याकडं एवढे पाने आहेत की."

"माझे पाने ट्रॅक्टरचे. हत्तीच्या नालबंदाकडून शेळीला नाल ठोकून घेतो का?" त्यानं स्क्रूकडं बोट केलं. "हे बघ, डोक्यात सहा कोनांचा खड्डा हाय. ह्याला एलन की लागती. दीडची अन् दोनची. मूठवाली घे, मला वाकडी धरता येणार न्हाई. चाकाच्या नटाला सातचा बॉक्स पाना. एक लांब चोचीची पक्कड. ब्रश घरातलाच, दात घासायचा जुना. संपलं. आन् तीस नगाचा चकचकीत डबा आणू नको. चार नग आण, पण पोलादाचे."

नांदेडच्या जुन्या बाजारातलं एक दुकानही त्यानं सांगितलं. तिथला म्हातारा दुकानदार दादाला चाळीस वर्षं ओळखत होता.

मी गेलो, चारही नग सांगितले. म्हाताऱ्यानं मूठवाली दांडी कपड्यात पुसून समोर ठेवली आणि भाव सांगितला. मी नाटकातला राजा असलो तरी पगार कारकुनाचा आहे. बोटाएवढ्या दांडीला एवढे? "जरा विचार करून येतो," म्हणालो. असं म्हणून गेलेला माणूस परत येत नाही, हे म्हाताऱ्याला माहीत होतं. त्यानं दांडी लगेच कपड्यात गुंडाळली.

आणि बस स्टँडसमोर हातगाड्यावर तो डबा उभा होता. बत्तीस नग. लाल मूठ. झाकण उघडलं की आत दांड्या, पाने, पक्कड सगळं शाळेतल्या रांगेसारखं. भाव दुकानातल्या एका दांडीहून कमी. मी घेतला. त्यातले हवे ते चार नग काढले, बाकीचा डबा कपाटावर लपवला, आणि चार नग जुन्या वर्तमानपत्रात असे गुंडाळले की म्हाताऱ्याच्याच हातचं पुडकं वाटावं. दोऱ्यानं बांधलंसुद्धा. नेपथ्यात मी कधी कमी पडत नाही.

लातूरला दादानं पुडकं सोडलं.

"म्हाताऱ्याकडूनच ना?"

"हाव."

"बरा हाय का तो?"

"बरा आहे. तुझी आठवण काढत होता."

एवढं सहज बोललो मी. तालीम नाही, काही नाही. दादानं एरवी दांडीच्या टोकावर नख फिरवून पाहिलं असतं. त्या दिवशी पाहिलं नाही. माझा शब्द होता.

वहिनींनी ओसरीवर सतरंजी टाकली. दादानं गाडी मांडीवर घेतली. कितीतरी महिन्यांनी त्यानं उजव्या हातात हत्यार धरलं. बोटं एकेक करून मुठीवर ठेवली, डाव्या हातानं दाबून बसवली. चाकाजवळचा स्क्रू घट्ट होता, कंपनीनं आत चिकट औषध घालून आवळलेला. दादानं दात दाबले. दांडी फिरली. मला वाटलं, सुटला. सुटला नव्हता. दांडी खड्ड्यातल्या खड्ड्यात फिरली होती, कोन खाऊन टाकले होते, आणि हातातून निसटून सतरंजीवर पडली.

दादानं स्क्रू उजेडाकडं धरला. खड्डा गोल झालेला. स्क्रूचं डोकं खाणं ही त्याच्या गॅरेजात नवशिक्याची खूण. त्यावरून त्यानं भल्याभल्यांना हाकललं होतं.

"सरळ धरता आली न्हाई मला," तो म्हणाला. "वाकडी बसली."

"अरे, पहिल्यांदाच धरलीस."

"पहिल्यांदा?" त्यानं माझ्याकडं पाहिलं. "हात गेला. न्या हे आत."

तेवढ्यात मी सतरंजीवरची दांडी उचलली होती. तिचं टोक जिलबीसारखं पिळलं होतं. कोणीही पाहिलं असतं तर एका नजरेत कळलं असतं की दोष कोणाचा. मी ती मुठीत मिटली आणि खिशात टाकली.

हे लिहिताना मला मजा येत नाही. आतापर्यंत येत होती.

तीन दिवसांनी वहिनींचा फोन आला. त्या फोनवर कधी हळू बोलत नाहीत, त्या दिवशी बोलल्या. "भावजी, यांनी व्यायामाच्या बाईंना येऊ नका म्हणून सांगितलं. आन् निलंग्याचा एक जण येऊन राहिला उद्या. गॅरेजातलं सगळं सामान बघायला. गाळा बी सोडून देतो म्हणून राहिले."

"सगळं सामान?"

"सगळं. व्हाइससुद्धा."

काम घट्ट पकडून धरणारा तो लोखंडी व्हाइस दादानं पहिल्या कमाईतून घेतला होता. मी फोन ठेवला आणि खिशातल्या दांडीसकट जुन्या बाजारात गेलो.

म्हाताऱ्यानं मला ओळखलं, पण तसं दाखवलं नाही. मी पिळलेली दांडी समोर ठेवली. त्यानं कानस घेतली, दांडीवर एकदा ओढली. खडू उगाळावा तशी भुकटी पडली. मग स्वतःच्या दुकानातली दांडी घेतली, तिच्यावर तीच कानस ओढली. कानस काचेवरून सरकावी तशी सरकली, ओरखडा नाही.

"एवढाच फरक आहे साहेब," तो म्हणाला.

"मला चारही नग परवडायचे नाहीत हो."

"चार कोण घ्या म्हणतो? दीडची आन् दोनची घ्या. ह्यांना पोलादच लागतं. नटाचा पाना गाड्यावरचा चालतो, त्याला कोन मोठे. पक्कड घरची वापरा." त्यानं मुठीवर अंगठा फिरवला. "टोक झिजलं तर मूठ फेकू नका. टोक वेगळं मिळतं. पुढच्या वेळी तेवढंच न्या."

हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. मी विचार करायला निघून गेलो होतो, त्याला तो काय करणार.

"कोणासाठी नेऊन राहिले?" त्यानं विचारलं. मी दादाचं नाव सांगितलं. म्हाताऱ्यानं कानस खाली ठेवली. आजारपणाचं त्याला ठाऊकच नव्हतं. बरा आहे का, एवढंच त्यानं विचारलं. मी लातूरला त्याच्या वतीनं जे बोललो होतो, ते आठवून माझे कान तापले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं निघालो. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, आणि मी खिडकीशी बसून संवाद बसवत होतो. एक प्रवेश असा तयार केला: दुकानदाराकडं खराब माल आला होता, त्यानं माफी मागून बदलून दिला. फार सुंदर प्रवेश होता. सगळे निर्दोष सुटत होते. फक्त म्हाताऱ्याच्या चाळीस वर्षांच्या नावाला बट्टा लागत होता.

पोचलो तर गॅरेजसमोर टेंपो उभा. निलंग्याचा माणूस धोतर-टोपीतला, भारदस्त, बोलायला गोड. आपण स्वतःही गॅरेज टाकणार म्हणत होता. पान्यांचं एक पोतं टेंपोत चढलं होतं, दुसरं भरत होतं. दादा खुर्चीवर बसून दुसरीकडं बघत होता. उजवा हात मांडीवर, कोणाचा तरी विसरलेला असावा तसा.

"आलास?" तो म्हणाला. "चहा घे."

मी प्रवेशाला सुरुवात केली. "दादा, अरे त्या दुकानात झालं असं की—"

त्यानं फक्त पाहिलं. आम्ही एका खोलीत वाढलो आहोत. मी राजा झालो तेव्हाही पहिल्या रांगेत बसून हा असाच बघत होता आणि मी वाक्य विसरलो होतो.

मी खिशातून पिळलेली दांडी काढली आणि त्याच्या डाव्या तळहातावर ठेवली.

"गाड्यावरची आहे. म्हाताऱ्याकडची नाही. मी खोटं बोललो. हिचं टोक त्याच दिवशी असं झालं होतं, मी लपवलं."

दादानं टोकावर नख फिरवलं. मग पुन्हा फिरवलं. वहिनी दारात चहाचा ट्रे धरून उभ्या राहिल्या. निलंग्याच्या माणसानं खाली वाकून पाहिलं आणि कोणी न विचारता मत दिलं, "हे तर खिळ्याचं लोखंड हाय."

"चार रात्री," दादा म्हणाला. आवाज चढला नव्हता. "चार रात्री मी ह्या हाताकडं बघत पडलो. तू नांदेडात झोपला का रे?"

राजाचं एकही वाक्य अशा वेळी कामाला येत नाही.

"नवी आणली का?"

मी आणलेली दोनची दांडी दिली. त्यानं टोक पाहिलं, नख फिरवलं. "गाडी आण," म्हणाला वहिनींना. वहिनींनी ट्रे पायरीवरच ठेवला.

सगळेच स्क्रू आतून चिकटवलेले होते, ते तापवल्याशिवाय सुटणार नव्हते. दादानं मान वळवली.

"पाव्हणं, तेवढा कैया द्या इकडं. त्या पोत्यात वरच हाय."

टोक तापवून धातूला डाग द्यायचा तो कैया निलंग्याच्या माणसानं भरलेल्या पोत्यातून काढून दिला. गाडी मांडीवर हलत होती. "तो व्हाइस बी ठेवा खाली, अडकवायचीय हिला." व्हाइस टेंपोतून उतरला. उतरवताना पाहुण्याचा चहा निवला. मग कानस. मग पितळेची छोटी हातोडी.

कोन खाल्लेला स्क्रू दादानं सोडून दिला, शेजारचा धरला. तापवला. बोटं मुठीवर बसवली. हात थरथरत होता, आणि मी मुद्दाम सांगतो, नव्या दांडीनं तो थांबला नाही. पहिल्यांदा मुठीवरून हातच घसरला. दादानं टोक पाहिलं, खड्डा पाहिला. दोन्ही जसेच्या तसे. पुन्हा धरली. पुन्हा हात घसरला. घाम कपाळावरून नाकावर आला, तो पुसायला त्यानं कोणाला हात लावू दिला नाही. तिसऱ्या वेळी दांडी पाव फेरा फिरली. चिकट औषध सुटल्याचा टक असा बारीक आवाज झाला.

दादानं दांडी काढली, हात मांडीवर ठेवून जरा विसावा दिला, आणि मुठीवर पुन्हा एकेक बोट बसवायला लागला.

निलंग्याच्या माणसानं टेंपोकडं पाहिलं, व्हाइसकडं पाहिलं, अर्ध्या रिकाम्या पोत्याकडं पाहिलं, आणि न राहवून म्हणाला, "म्हंजे मी टेंपो रिकामाच न्यायचा का आता?"