काळ्या पट्टीची झेरॉक्स

नोकरीतली बहुतेक प्रकरणं फाइल बंद झाली की माझ्या डोक्यातूनही गेली. हे मात्र गेलं नाही. भाईंदरमध्ये घरोघरी नुकतंच ब्रॉडबँड आलं होतं आणि मी तिथल्या पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक होतो.

उत्तनची एक नर्स होती. आखातातल्या रुग्णालयात तिची नोकरी ठरली होती, पासपोर्टची पोलीस चौकशी तेवढी बाकी. वडील वारलेले, आई बोंबील सुकवून विकायची. मुलीचे कागद माझ्या टेबलावर आले आणि त्याच आठवड्यात परराज्यातल्या पोलिसांचं पत्र आलं. एका परदेशी जुगाराच्या वेबसाइटवर या मुलीच्या नावाचं खातं होतं आणि त्यावरून कुणाची तरी फसवणूक झाली होती. अशा वेबसाइट ओळखीचा पुरावा घेतल्याशिवाय खेळू देत नसत. ज्यांना स्वतःचं नाव लपवायचं असे, ते दुसऱ्याच्या नावाचं, तपासणी झालेलं तयार खातं विकत घेत. 'व्हेरिफाइड अकाउंट' म्हणत त्याला.

वरिष्ठ म्हणाले, प्रतिकूल शेरा मारा आणि मोकळे व्हा. मी मोकळा झालो असतो आणि ती घरी बसली असती. मी आईला बोलावून घेतलं. समोर खुर्ची असूनही ती बसली नाही.

"सायेब, माझी पोर तसली न्हाय," एवढंच म्हणाली.

प्रत्येक आई हेच म्हणते, त्यामुळे मी विश्वास ठेवला नाही. मुलगी इथे ज्या रुग्णालयात काम करायची, तिथून ड्यूटीचं रजिस्टर मागवलं. खातं उघडलं त्या दुपारी ती ऑपरेशन थिएटरमध्ये होती. मग मात्र मी हट्टाला पेटलो.

पत्रातच धागा होता. खातं भाईंदरच्या एका ऑनलाइन फोरमवरच्या जाहिरातीतून विकलं गेलं होतं. इथले रहिवासी त्या फोरमवर पाणी, गटारं आणि सोसायट्यांची भांडणं यांवर लिहीत. तो चालवणारे गृहस्थ गोडदेवला राहत. खासगी कंपनीत ड्राफ्ट्समन, सरळमार्गी माणूस. विचारल्यावर अभिमानाने म्हणाले, "साहेब, असली जाहिरात दिसली की मी लगेच डिलीट करतो. आत्तापर्यंत नऊदा केलीय."

मी कपाळाला हात लावला. विकणारा दर वेळी नवं नाव घेऊन परत येत होता आणि त्याचा माग हे गृहस्थ स्वतःच्या हाताने पुसत होते.

मी सांगितलं, यापुढे पुसू नका. लोकांना दिसणार नाही अशी बाजूला ठेवा, कुठल्या कनेक्शनवरून आली त्याची नोंद जपा आणि मला फोन करा. ते तयार होईनात.

"आज ह्याचं नाव मागताय. उद्या पाण्यावरून नगरसेवकाला बोल लावणाऱ्याचं मागाल, तेव्हा मी काय करायचं?"

मला राग आला, पण प्रश्न खोटा नव्हता. असं मागणारे पोलीस मी पाहिले होते. मी लेखी पत्र दिलं की फक्त या विक्रेत्याची माहिती हवी, दुसऱ्या कुणाची नको. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि मगच होकार दिला.

सहाव्या दिवशी त्यांचा फोन आला, जाहिरात पुन्हा आली होती. त्या कनेक्शनचा पत्ता इंटरनेट कंपनीकडून घेऊन आम्ही पेणकरपाड्यातल्या एका फ्लॅटवर पोचलो. तिशीचा माणूस, पूर्वी डेटा एंट्री करायचा. घरात लोकांच्या रेशनकार्डांच्या आणि मतदार ओळखपत्रांच्या झेरॉक्स नीट फायलींत लावलेल्या. चौकशीत फार अदबीनं बोलायचा. जबरदस्ती थोडीच केलीय, लोकांनी स्वतःहून पेपर दिलेत, आता नाव आलं म्हणून नाही म्हणतायत. दोन दिवस त्याची हीच टेप चालू होती.

मारून वदवलेलं कोर्टात टिकत नाही, म्हणून मी कागद बघत बसलो. सगळ्या प्रती टेबलावर मांडल्या. कुठली तिरकी, कुठली अर्धी काळी. नर्सच्या रेशनकार्डाच्या प्रतीवर तर कडेला जाड काळी पट्टी. नावं, नंबर तेवढे वाचता येत होते. झेरॉक्सच्या दुकानात काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. प्रत बिघडली की दुकानदार ती खोक्यात टाकतो, दुसरी काढून देतो आणि आपण बिघडलेली परत मागत नाही. मीही कधी मागितली नव्हती.

नर्सची प्रत मी त्याच्यापुढे सरकवली. "स्वतःहून देणारा माणूस चांगली प्रत देतो. तुला एकानेही चांगली का दिली नाही?"

त्याने ती प्रत उलटी करून ठेवली. मग पाणी मागितलं आणि स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याचं नाव सांगितलं. त्याच्याकडचं खोकं हा दर शनिवारी उचलून आणायचा. त्या मशीनवर मी माझं ओळखपत्र ठेवून पाहिलं, तर त्याच जागी तीच पट्टी उमटली.

दोघांवर गुन्हा दाखल झाला. नर्सचा अनुकूल अहवाल मी सही करून माणसाबरोबर पाठवला. पण तोवर रुजू होण्याची तारीख उलटली होती आणि तिची जागा दुसरीला मिळाली.

फोरमवाल्या गृहस्थांनी विचारलं, पहिलीच जाहिरात जपून कळवली असती तर? मी खरं ते सांगितलं, मुलगी वेळेत गेली असती. मग ते माझ्याबरोबर उत्तनला आले आणि तिच्या आईपुढे उभं राहून म्हणाले, पुसणारा मीच. तिने बोंबील पसरायचं काम थांबवलं नाही.

"घान पुसलीस, चांगलं केलंस," ती म्हणाली. "पन त्यात माझ्या पोरीचं नाव व्हतं. पुसायच्या आधी कुनाला तरी सांगाचं व्हतं."

मला खूप वाईट वाटलं. फोरम चालवणारे ओळखीचे लोक अजून विचारतात, असली जाहिरात आली तर काय करायचं. मी सांगतो, नजरेआड करा पण जपून ठेवा, ज्याचं नाव आहे त्याला आणि पोलिसांना कळवा आणि पोलिसांकडून मागणी लेखी घ्या. त्या गृहस्थांना मात्र मी कधी दोष दिला नाही. आत काय आहे ते न बघता मीही कितीतरी अर्ज असेच पुसले होते. आमच्याकडे त्याला निकाली काढणं म्हणत.