सैल नोको ठेवू, वयनी

कमळाबाई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी गोंडपिपरीला भावाच्या घरी भरदुपारी गाढ झोपले होते. हे आधीच सांगून टाकते, कारण गेला महिना-दीड महिना लोक मला तेच आडून आडून विचारताहेत, की तुम्ही घरी नव्हतात का हो तेव्हा? नव्हते. लग्नानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी काही कारण नसताना माहेरी गेले होते. कुणाचं लग्न नव्हतं, बाळंतपण नव्हतं. मला फक्त कुणी न उठवता झोपायचं होतं. भाऊ दाराशी येऊन म्हणाला, "ऊठ वं, पोंभुर्ण्याकडून माणूस आला तुया सासरचा." त्याच्या आवाजावरूनच मला कळलं. आणि पहिला विचार आला तो रडण्याचा नव्हता. आज सकाळी तिच्या पट्ट्याच्या दोऱ्या कोणी ओढल्या असतील, हा होता.

कमळा ही माझी नणंद. मी लग्न होऊन आले तेव्हा ती तेरा वर्षांची होती. पण आमच्याकडे नणंद पाळण्यातली असली तरी तिला बाईच म्हणायचं, म्हणून मी तोंडानं कायम "कमळाबाई, तुम्ही" म्हणत आले आणि मनात मात्र ती पहिल्यापासून "तू"च होती. इथं मनातलंच लिहिते. तिची पाठ वाकडी आहे हे आमच्या घरात पहिल्यांदा मला दिसलं, तेही शिवणामुळे. मार्कंड्याच्या जत्रेसाठी मी तिला पोलकं शिवत होते. घालून बघितलं तर एका बाजूनं वर चढलं. नवी सून मी... माझाच हात चुकला असं समजून उसवलं, पुन्हा शिवलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा उसवायला बसले तेव्हा ती माझ्याकडे पाठ करून चिंचा खात उभी होती. उघड्या पाठीवर ऊन पडलं होतं. कण्याची रेघ मानेपासून निघून मध्येच उजवीकडे सरकली होती आणि कमरेशी परत आली होती. एक खांदा वर, एका बाजूचं पातं बाहेर आलेलं. मी सुई बाजूला ठेवली. "काऊन वं वयनी, कपडा कमी पडला का?" तिनं विचारलं. कपडा पुरेसा होता.

मग जे कुणाच्याही घरी होतं तेच आमच्याकडे झालं. टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल कोमट करून पाठीला चोळणं झालं. त्यानं बरं वाटायचं, ऊब यायची; पण कणा काही ऐकत नव्हता. पाण्याची गुंडी नेहमी एकाच कमरेवर घेतल्यानं असं झालं म्हणून सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, तिला दुसऱ्या कमरेवर गुंडी घ्यायला लावली. तिचा श्वास चढू लागला तेव्हा कुठं नागपूरला जायचं ठरलं. भाताची रोवणी आटोपल्यावर मूलहून छोट्या रेल्वेनं, नागभीडला गाडी बदलून, हे आणि आत्याबाई तिला घेऊन गेले. मी तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी होते. हाडांच्या डॉक्टरांनी तिला तपासून सांगितलं, की झालेला बाक सरळ होणार नाही, पण वाढता थांबवता येईल; तो वाढत गेला तर फुप्फुसाला जागा राहणार नाही. त्यासाठी त्यांनी मापं घेऊन चामड्याचा आणि पोलादी पट्ट्यांचा एक पट्टा करून दिला. मागून दोऱ्यांनी आवळायचा. दिवसरात्र अंगावर ठेवायचा, आंघोळीपुरता काढायचा.

मी बाळाला घेऊन सासरी परतले तेव्हा कमळाच्या अंगावर पट्टा नव्हता. तो आत्याबाईंच्या ट्रंकेत होता, लाल खणात गुंडाळून, कडुनिंबाचा पाला घालून, त्यांच्या लग्नातल्या शालूच्या शेजारी. मला वाटलं डॉक्टरांचं म्हणणं यांना समजलं नसेल. चांगलं समजलं होतं.

"डाक्टर तं सांगतेच," आत्याबाई म्हणाल्या. "रोज घातला तं सालभरात फाटन. अन् घरी कोन पाह्यते तिले? लगनापर्यंत पुरला पायजे ना."

आमच्याकडे चांगली वस्तू अशीच वापरतात. पितळेचा मोठा डबा फडताळात आणि रोजचं पीठ पत्र्याच्या डब्यात. नवं लुगडं पेटीत, अंगावर ठिगळाचं. आत्याबाईंनी आयुष्यात जे जे मोलाचं मिळालं ते असंच जपलं होतं, आणि लेकीचा पट्टा तर घरात आलेली सगळ्यात मोलाची चीज होती. कंजूसपणा नव्हता हो तो. उलट माया होती. त्या मायेचा मला किती राग यायचा हे आता सांगायला हरकत नाही. मी बोलले, ह्यांनी समजावलं, कमळा स्वतः म्हणाली, "माय, तो घातला का मले दुखत नाई." पण किल्ली आत्याबाईंच्या कमरेला होती. पट्टा मार्कंड्याच्या जत्रेला निघाला, चुलतदिराच्या लग्नाला निघाला. त्या त्या दिवशी कमळा ताठ चालायची, परत आलो की तो पुन्हा खणात जायचा.

तिला पाहायला पाहुणे आले तेव्हाही निघाला. लुगड्याखाली काही कळत नव्हतं, फार छान दिसत होती. मुलाच्या मावशीला तर इतकी आवडली, की जवळ बसवून मायेनं तिच्या पाठीवरून हात फिरवला... आणि हात थांबला. बोटांनी चाचपून बघितलं. "हे काय जी?" मावशी म्हणाली. आत्याबाई पोह्यांच्या ताटल्या धरून तशाच उभ्या. कमळानं मान वर केली. "पट्टा हाये. पाठ वाकडी हाये माही. काढून दाखवू?" पाहुण्यांनी पोहे मात्र सगळे संपवले. त्या संध्याकाळी ती स्वतः पट्टा काढून आईच्या हातात देत म्हणाली, "ठेव माय, तुहा नवा जावई." आत्याबाई चुलीकडे तोंड करून बसल्या त्या बराच वेळ उठल्या नाहीत.

पुढच्या खेपेला मी हट्टानं नागपूरला बरोबर गेले. डॉक्टरांनी कमळाला उभं केलं, मानेपासून एक ओळंबा सोडला आणि कणा त्यापासून किती हटला आहे ते बघितलं. खूप हटला होता. मग त्यांनी पट्टा हातात घेतला. चामडं करकरत होतं, दोऱ्यांच्या भोकांवर एक सुरकुती नव्हती. त्यांनी विचारलं, "हा घातला नाही का?" आत्याबाईंचा चेहरा एकदम खुलला. गर्दीत लेकराचं कौतुक व्हावं तशा त्या पुढे झाल्या. "जपून ठेवला साहेब. पाहा ना, जसाचा तसा नवा हाये."

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पट्टा कमळाच्या अंगाला लावून दाखवला. तो आता तिला बसत नव्हता. अंग वाढलं होतं, बाक वाढला होता. "आई," ते आत्याबाईंना म्हणाले, "हा फाटायलाच हवा होता." आत्याबाई आमच्या तोंडाकडे बघत राहिल्या. परत येताना गाडी बदलायला उतरलो. नागभीडच्या फलाटावर कमळा मला हळूच म्हणाली, "मले आता सरळ नाई व्हायचं वयनी. फक्त आनखी वाकाचं नाई." तिला तेवढंच हवं होतं, आणि पुढची सगळी वर्षं आम्ही तेवढ्यासाठीच घालवली.

दुसरा पट्टा आला तो माझ्या हाती आला. रोज सकाळी ती आंघोळ करून, सुती बनियन घालून दाराच्या चौकटीला दोन्ही हातांनी धरून उभी राहायची आणि मी मागून दोऱ्या ओढायची. "सैल नोको ठेवू, वयनी. ओढ आनखी." चंद्रपूरकडचा वैशाख कसा असतो ते वाचकांना सांगायला नको, त्यात चामडं आणि पोलाद. बगलेखाली सालटं निघायची. मी रोज बनियनं धुवायची, खोबरेल लावायची, चामडं पुसायची. गोठ्यात एक आडवा बांबू बांधला होता, त्याला ती डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे लोंबकळायची. वासरं चकित होऊन बघायची. मोह वेचायला आली तर वाकता यायचं नाही. गुडघ्यांवर चालत वेचायची आणि म्हणायची, "झाडालेच सांगा थोडं वाकाले." पट्ट्याला ती नवराच म्हणायची. "दिवसरात कवटाळून असते, पन कधी दोन शब्द बोलला नाई." एकीकडे हसायची आणि दुसरीकडे ताठ बसून पळसाच्या पत्रावळी लावायची. गावातलं कुठलंच लग्न तिच्या पत्रावळींशिवाय झालं नाही.

मी कंटाळले होते का? हो. फार कंटाळले होते. माझी तीन लेकरं, शाळेतला शिवणाचा वर्ग, घरचं रांधणं, आणि कुठंही जायचं तर आधी दोऱ्या. आजारी माणसाचं करणाऱ्यांबद्दल लोक फार गोड बोलतात. ते ऐकलं की मला उठून जावंसं वाटतं. कित्येक सकाळी आम्ही दोघींनी एक शब्द न बोलता ते काम उरकलं आहे. पण दर साली नागपूरला ओळंबा सोडला जायचा आणि डॉक्टर म्हणायचे, "आहे तिथेच आहे." ते ऐकून ती स्टेशनपर्यंत चालत यायची, टांगा नको म्हणायची. त्या दिवशी मलाही थकल्यासारखं वाटायचं नाही. आत्याबाई मात्र त्या दोऱ्यांना कधी हात लावत नसत. मी ओढत असले की त्या परसात निघून जायच्या.

या हिवाळ्यात तिला साधा खोकला झाला. माझ्या तोंडाकडे बघून तीच म्हणाली, "जा वं वयनी माहेरी, झोपून ये. मायले शिकवून दे दोऱ्या." मी आत्याबाईंना शिकवलं. त्यांनी ओढून गाठ मारून दाखवली. मी गेले, आणि मागं तो खोकला छातीत उतरला. एका बाजूचं फुप्फुस आधीच दबलेलं, दुसरं किती पुरणार... मोटर मिळेपर्यंत सगळं संपलं होतं. मी पोहोचले तेव्हा तिला अंगणात ठेवलं होतं. पट्टा काढला होता. दुसरा पट्टा आल्यापासून मी तिला उजेडात, चारचौघांत, पट्ट्याशिवाय कधी बघितलं नव्हतं. किती लहान दिसत होती.

तेरवी झाल्यावर एका दुपारी आत्याबाईंनी ट्रंक उघडली आणि तो पहिला पट्टा बाहेर काढून मांडीवर घेतला. लाल खण विटला होता, चामडं अजून नवंच. त्यावरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "सूनबाई, हाच रोज घातला असता तं?"

हे वाक्य त्यांच्या तोंडून कधीतरी निघावं म्हणून मी वर्षानुवर्षं वाट बघितली होती. उत्तर तयार होतं, चांगलं धारदार. दोऱ्या ओढताना मनातल्या मनात कितीदा तरी दिलं होतं. पण आता त्या म्हातारीसमोर बसल्यावर माझ्यात तेवढं बळच उरलं नव्हतं. "नाई आत्याबाई," मी म्हटलं, "तरी एवढंच झालं असतं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना ते खरं वाटलं नाही, आणि मलाही वाटलं नाही. आम्ही दोघींनी मिळून पट्टा परत खणात बांधला.

दुसरा, अंगावरचा पट्टा अजून कमळाच्या खोलीत चौकटीजवळच्या खुंटीला आहे. घामानं काळा झालेला, कडा झिजून पांढऱ्या पडलेल्या, तिच्या बाकासारखाच एका बाजूला कललेला. मला अजून त्याच वेळी जाग येते. हात शिवशिवतात. परवा सकाळी न राहवून त्या खोलीशी गेले, तर आत्याबाई आधीच तिथं उभ्या होत्या, दोन्ही हात खुंटीकडे वर करून. पट्टा रिकामाच होता आणि त्याच्या दोऱ्या पार वरच्या भोकापर्यंत ओढून त्या गाठ मारत होत्या.

"काय करून राह्यल्या, आत्याबाई?"

त्यांनी गाठ पक्की केली, मग बोटानं चाचपून बघितली. "सैल राह्यला होता," त्या म्हणाल्या. "तिले चालत नाई."